सात नंबर, मागे!

रग्बीतली ऑफसाइडची रेघ ओळखावी तर मीच! बढाई म्हणा हवं तर, पण खरी आहे. चेंडूवर दोन्हीकडच्या पोरी तुटून पडल्या, की त्या ढिगातल्या आपल्या बाजूच्या शेवटच्या पायामागे बाकीच्यांनी थांबायचं. तिथे आखलेलं काही नसतं. रेघ पंचाने नजरेनेच ओढायची.

लेक होस्टेलला गेल्यापासून घर खायला उठतं. फोनवर "जेवलास का?" "जेवलीस का?" एवढंच. अशात तिच्याच सामन्याला पंच मिळेना! मी उडीच मारली. बायकोला म्हटलं, "तू बस लांब बाकावर. मी अख्खा सामना लेकीजवळ!"

पहिल्याच ढिगाशी सात नंबर, म्हणजे आमची लेक, रेघेच्या एक पाऊल पुढे.

"बाबा, किती वाळलास रे!"

हात तिच्या डोक्याकडे गेला हो! पण तोंडातून निघालं, "सात नंबर, मागे!"

समोरची कप्तान फणकारली, "घरची आहे म्हणून नुसतं 'मागे' का, सर?"

झालं! आता इज्जतीचा प्रश्न. पुढच्या ढिगाशी लेक पुन्हा पुढे. "गुडघा दुखतो का अजून?"

पेनल्टी!

"अरे, मी फक्त विचारतेय!"

"मैदानात अरे-तुरे नाही! सर म्हणायचं!"

तिसऱ्या ढिगाशी पुन्हा तेच पाऊल पुढे. "सर, गुडघा दुखतो का?"

पिवळं कार्ड! दहा मिनिटं बाहेर!

ती तरातरा गेली ती थेट आईशेजारी. आणि काय सांगू, दोघी खिदळायलाच लागल्या! आईने संत्रं सोललं, लेकीने तिच्या खांद्यावर डोकं टाकलं. मी इकडे धापा टाकत पळतोय, मान मात्र बाकाकडे. माझा विषय निघाला असेल का? तेवढ्यात चेंडू कानफटात बसला, मी आडवा, आणि माझ्यावर दोन्ही संघ! खेळ थांबवणार कोण? शिट्टी माझ्याच दातांत, तीही ढिगाखाली!

सामना संपला तोच तिच्या बसने हॉर्न दिला. खिडकीतून एक हात हलला आणि बस गेली. मला तिला नुसतं एकदा जवळ घ्यायचं होतं हो!

"काय म्हणाली?" मी बायकोला विचारलं.

"खूप बोलली. पुढे पुढे येत होती ती तुमच्याशीच बोलायला." तिने सालं पिशवीत भरली. "पण दहा मिनिटं कुठे पुरतात? पुढच्या वेळी लाल कार्ड द्या की हो. लालवालीला परत आत घेत नाहीत ना?"