सीलबंद सार्जंट

धोका वेळेआधी कळवणारं यंत्र वेळ घेऊनच खरेदी करावं लागतं, हा संरक्षणशास्त्रातला मूलभूत सिद्धांत आहे. पाठीवर मोठी तबकडी घेऊन घिरट्या घालणारं आणि शेकडो कोसांवरचं शत्रूचं विमान आधीच हेरणारं रडार-विमान घ्यायचं, असं आमच्या खात्याने एकोणीस वर्षांपूर्वी ठरवलं. (खात्याचं नाव सांगण्याची परवानगी मागितली आहे. अर्ज तेरा महिने विचाराधीन आहे.) उतावळ्या देशांत असं काही ठरलं की लोक विमान बघायला जातात. आपण आधी समित्या नेमल्या, एकूण बावीस. त्यांपैकी तबकडी, इंजिन वगैरे किरकोळ बाबी दिल्लीकडे राहिल्या आणि खुर्चीची जबाबदारी चंडीगढला आली.

खुर्चीला कमी लेखू नये. रडारच्या पडद्यासमोर माणूस सलग नऊ तास बसणार. त्याचा हात धोक्याच्या बटणापर्यंत पोचला नाही, तर विमान असून नसल्यासारखंच. तेव्हा आमच्या खुर्ची उपसमितीने चारशे बारा जवानांना टेप लावून सरासरी काढली. कंबर एकतीस इंच, हात असा, मांडी तशी. यावर लेखापरीक्षकांनी एकच शंका काढली : असा माणूस प्रत्यक्षात आहे का? खरेदीच्या प्रत्येक वस्तूचा सीलबंद नमुना कार्यालयात हवा, असा नियम आहे. मोजे घेतले तर मोज्यांचा, बादली घेतली तर बादलीचा. नुसत्या सरासरीला सील कुठे लावणार?

शोधाशोध झाली, आणि त्या मापांचा माणूस खोलीतच निघाला. चारशे बारा जणांना टेप लावणारा रडार ऑपरेटर सार्जंट नरेश बोरकुटे, वय सव्वीस, मूळ गाव वर्धा जिल्ह्यात, हा स्वतः मोजायचा राहून गेला होता. त्याच दुपारी त्याची नमुना म्हणून नोंद झाली. (सील कुठे लावायचं यावर तीन बैठका झाल्या. शेवटी उजवं मनगट मंजूर झालं.)

नमुन्यांच्या निगेचे नियम आधीच छापलेले होते, ते नरेशला लागू झाले. नमुना ओलाव्यापासून दूर ठेवावा, म्हणून त्याला पोहण्याच्या चाचणीतून माफी मिळाली. दर तिमाहीला वाळवीची तपासणी करावी, म्हणून दर तिमाहीला एक माणूस त्याच्या घरी येऊन त्याच्याकडे निरखून बघू लागला. नमुना जागेवरून हलवू नये, म्हणून बदली बंद झाली आणि निवृत्तीची वेळ आली तेव्हा न मागता मुदतवाढ मिळाली. आणि नमुन्याच्या आकारात बदल होऊ देऊ नये. हा शेवटचा नियम चंडीगढमध्ये पाळणं सोपं नाही. इथे शेजारधर्म लोण्यात मोजतात.

नरेशची बायको लतिका आर्वीची. तिच्या हातच्या पुरणपोळीची कीर्ती दूरवर होती, ती अखेर उपसमितीपर्यंत पोचली. ‘आपल्या स्वयंपाकाचा निविदाप्रक्रियेवर अनिष्ट परिणाम होण्याची शक्यता निदर्शनास आली आहे,’ असं पत्र तिला आलं. तिने ते फ्रिजवर चिकटवलं. पुढे तिच्या भावाच्या लग्नाला दोघं गावी गेली, आणि परत आल्यावर नरेशची कंबर साडेबत्तीस भरली. निविदा रद्द झाली. नवी काढून पूर्वीच्या मुक्कामावर यायला सव्वीस महिने लागले. लग्नातल्या सांबारवडीने, म्हणजे कोथिंबीर भरलेल्या तळलेल्या वडीने, एखाद्या देशाचं हवाई संरक्षण सव्वीस महिने रोखून धरल्याचं दुसरं उदाहरण युद्धशास्त्राच्या इतिहासात सापडत नाही.

मग चौकशी झाली ती लस्सीची. शेजारच्या ग्रेवाल आंटी रोज सकाळी नरेशकडे पितळी ग्लासभर लस्सी पाठवायच्या. ज्या कंपनीची खुर्ची एक इंच जास्त रुंद होती तिचा यात हात असावा, असं निनावी पत्र आलं. सात महिने साक्षी झाल्या. आंटींनी जबाबात एवढंच सांगितलं, “मुंडा बहुत सुक्का है जी.” पोरगा फार वाळलाय हे निरीक्षण समितीने ग्राह्य धरलं, लस्सी मात्र ग्राह्य धरली नाही.

या काळात उपसमितीने नऊ अध्यक्ष पाहिले. एकेकाचा निरोपसमारंभ झाला, प्रत्येक समारंभात समोसे झाले, आणि प्रत्येक वेळी नरेश ताट घेऊन उभा राहिला आणि ताट तसंच ठेवून गेला. मुलगी वल्लरी इथेच वाढली. ती पिंजौरच्या जत्रेतून आंबे आणायची, मनीमाजऱ्याच्या बाजारातून जिलबी आणायची, आणि पापा, एक से क्या होगा, असं विचारायची. नरेश त्या वासावर दोन भाकऱ्यांऐवजी एक खायचा. आम्हाला वाटायचं, माणूस नोकरीला भितो. मी उपसमितीचा कारकून. वार्षिक मोजणीच्या आधी एकदा त्याच्या घरी टेप घेऊन गेलो होतो, तेव्हा लतिकावहिनी त्याला म्हणत होत्या, “अहो, घासभर तं खा. कोन पाह्यते?”

“मी खाल्लं तं विमान लांबते, लतिका,” नरेश म्हणाला. “अन् तिकडं आपले पोट्टे डोंगरामागचं न पाह्यताच उडून राह्यले.”

जमिनीवरच्या रडारला डोंगरापलीकडचं दिसत नाही, ही गोष्ट बावीस समित्यांच्या कागदपत्रांत कुठेतरी असेलच. मी ती पहिल्यांदा त्या स्वयंपाकघरात ऐकली आणि मला शरम वाटली. तरी कंबर मोजली. एकतीस.

या वर्षी अखेर खुर्ची आली. (विमान मागाहून येणार आहे.) सध्याचे अध्यक्ष ग्रुप कॅप्टन देवस्थळी यांनी हार घातला, खुर्चीला. नरेश त्यात बसला. वय पंचेचाळीस, पण मापात केसाचा फरक नाही. त्याने हात लांब केला आणि बोट नेमकं बटणावर टेकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने बोट बराच वेळ तिथून काढलं नाही. मग डॉक्टरांनी कळवलं की विमानात चढायला वयाची अट चाळीस आहे.

त्यानंतर जे ऑपरेटर खरोखर उडणार होते त्यांना एकेक करून बसवलं. एकोणीस वर्षांत जवानांची सरासरी उंची वाढली आहे. एकही जण खुर्चीत नीट मावला नाही, तिघांनी तर धोक्याचं बटण गुडघ्याने दाबलं. उपसमितीने तातडीने, म्हणजे चारच महिन्यांत, निर्णय घेतला. जुना नमुना रद्द, नवा नमुना फ्लाइंग ऑफिसर रेवा, वय तेवीस. तिचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. पंगतीच्या पदार्थांची यादी तिच्याकडून मागवली आहे.

नरेशचं सील मी कापलं. त्याच संध्याकाळी लतिकावहिनी त्याला मनीमाजऱ्याला घेऊन गेल्या आणि पाव किलो जिलबी समोर ठेवली. त्याने अर्धी खाल्ली आणि पोट भरलं म्हणाला. ते खरंच भरलं होतं. वहिनींनी उरलेल्या जिलबीचा पुडा बांधून घेतला.

जनजागृतीच्या दृष्टीने शेवटी थोडी आकडेवारी. गेल्या एकोणीस वर्षांत या विमानाचं काय झालं, असं विचारणारी नागरिकांची पत्रं : शून्य. सुखना तलावावरच्या हवाई कसरतींचे पास मिळावेत म्हणून आलेले अर्ज : एकेचाळीस हजार तीनशे शहाऐंशी. आपलाही त्यात आहे, मी पाहिला. पुढच्या खेपेला पास नक्की मिळेल. येताना डबा भरून आणा आणि काठावर बसून पोटभर खा. आपल्या वतीने उपाशी राहायला रेवाची नेमणूक झाली आहे.