एकवीस दिवस, शून्य विचारणा

घड्याळजींच्या घरातलं वॉशिंग मशीन चार तारखेला, सकाळी आठ वाजून बारा मिनिटांनी, चादरी पिळता पिळता निवर्तलं. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण घरात सतरा घड्याळं होती आणि घरातल्या माणसांचं नसलं तरी घड्याळांचं आपसात एकमत होतं. मशीनने शेवटचा गचका दिला, दोन फूट स्वतःच्या पायांनी चालत आलं आणि न्हाणीघराच्या दाराशी थांबलं. जणू निरोप घ्यायलाच आलं होतं.

"नवीन घेऊ!" घड्याळजी उदारपणे म्हणाले. "इन्कम टॅक्सचा रिफंड यायचाय. पंधरा दिवसांत येतोय."

"आणि तोवर धुणं?" बायकोने विचारलं.

"तोवर... बघू की काहीतरी."

"बघायचंय काय त्यात? ज्याच्यामुळे मशीन यायचं थांबलंय, धुणं त्याचं." तिने बादली पायाने त्यांच्याकडे सरकवली. हा त्या दिवसापासून घरातला कायदा झाला, आणि या गोष्टीतला हा एकच कायदा पहिल्या दिवसापासून अंमलात आला.

आता घड्याळजींचा सगळा संसार उभा होता तो दहा बोटांच्या टोकांवर. घर वर आणि दुकान खाली, आणि दुकानात केसाहून बारीक स्प्रिंगा. आठवडाभर साबणाच्या पाण्यात बुचकळून ती बोटं मनुकांसारखी सुरकुतली. तिळाएवढा स्क्रू चिमट्यातून निसटला, हवेत उडाला आणि शेजारच्या चष्मेवाल्याच्या चहात जाऊन पडला. चष्मेवाल्याने तो प्यायला. "साखर कमी आहे," एवढंच म्हणाला.

रिफंड लवकर आला नाही, तर धंदा बुडणार होता. तेव्हा घड्याळजींनी थोरल्या लेकीकडून मोबाईलवर स्थिती तपासायला शिकून घेतलं. शिकले आणि मग थांबेचनात. रोज सकाळी दहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा वाजता ते दुकानातल्या घड्याळांना किल्ली देत. त्याच वेळी ते सरकारलाही किल्ली देऊ लागले.

"प्रक्रिया सुरू आहे," मोबाईल म्हणाला. पंधरा दिवस तो तेच म्हणत राहिला. सोळाव्या दिवशी मजकूर बदलला: "प्रक्रिया प्रगतिपथावर आहे." घरात पेढे वाटायचंच काय ते बाकी राहिलं!

"बाबा, 'सुरू आहे' म्हणजे ते अंथरुणातून उठले," थोरलीने अर्थ लावला. "आणि 'प्रगतिपथावर' म्हणजे चपला घातल्या."

महिना सरल्यावर आलं: "प्रक्रिया प्रक्रियेत आहे."

"आणि आता गं?"

"आता एक चप्पल सापडत नाहीये."

किल्ली देता देता बहात्तर दिवस झाले. त्र्याहत्तराव्या दिवशी सकाळी घड्याळजींनी चादरी वाळत घातल्या, शर्टाची बटणं थोरलीकडून लावून घेतली (त्यांच्या बोटांना ती आता लागत नव्हती) आणि थेट कार्यालय गाठलं.

विचारणा कक्षात एक लांब बाक होता, फाईलींचे छताला टेकलेले गठ्ठे होते आणि काचेमागे एक बाई होत्या. बाईंच्या मनगटावरचं घड्याळ बंद होतं. घड्याळजींना ते बघवेना. रिफंड राहिला बाजूला.

"ताई, काढा ते. जीव घुसमटतोय त्याचा."

त्यांनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि काउंटरवरच घड्याळ उघडलं. सुरकुतलेल्या बोटांतून बारकं चाक तीनदा सुटलं. चौथ्यांदा बसलं. टिक टिक ऐकून बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी फाईल शोधून काढली आणि आवाज खाली आणला.

"काका, भला माणूस दिसता म्हणून सांगते. तुमच्या फाईलवर दोनशे सोळा विचारणा आहेत. आजची धरून दोनशे सतरा."

"म्हणजे माझी दखल घेतली जातेय!"

"तीच तर पंचाईत आहे! विचारणा आली की उत्तरासाठी फाईल गठ्ठ्यातून बाहेर काढायची. आणि बाहेर काढलेली फाईल परत ठेवायची ती नियमाने सगळ्यात खाली. दिवसातून तीन वेळा तुम्हीच तिला तळाला ढकलताय."

घड्याळजी बाकावर बसले. "अहो, मग हा नियम लोकांना कळवत का नाही?"

"कळवतो की! जो विचारायला येतो, त्याला सांगतो."

"आणि मी विचारलंच नाही तर?"

"एकवीस दिवस विचारणा नसेल, तर फाईल आपोआप वर येते. पैसे सुटतात."

"बस्स! आजपासून मी मुका."

"अहो, थांबा. एकवीस दिवसांच्या वर विचारणा नसेल, तर अर्जदाराला परताव्यात रस उरलेला नाही असं धरतात आणि फाईल बंद होते."

"मग पैसे मिळतात तरी कधी?"

"एकवीस दिवस पुरे होतात ना, त्या क्षणाला विचारलं की. क्षणभर आधी विचारणारा उतावळा, क्षणभर नंतरचा उदासीन."

"आजवर कुणाला जमलंय?"

"अजून कुणाला नाही. पण योजना खूप लोकप्रिय आहे."

घड्याळजींचे डोळे चमकले. क्षण म्हणजे त्यांच्या घरचा माल! त्यांनी वर भिंतीकडे पाहिलं आणि कळवळले. कार्यालयाचं घड्याळ नऊ मिनिटं मागे होतं. ते बाकावर चढणार एवढ्यात बाई ओरडल्या, "हात लावू नका! आमची सगळी कामं त्याच वेळेवर चालतात. ते मागे नाही, बाकीचं जग पुढे गेलंय." आणि त्यांनी रजिस्टरात लिहिलं: विचारणा क्रमांक दोनशे सतरा, अकरा वाजून सतरा मिनिटं, शून्य सेकंद.

मग एकवीस दिवसांचं मौन सुरू झालं. मोबाईल पिठाच्या डब्यात गेला. 'रिफंड' शब्दाला घरात बंदी आली, त्याला 'ते' म्हणायचं ठरलं. चष्मेवाला सवयीने सकाळी ओरडायचा, "काय हो, आला का?" की घड्याळजी दुकानातून झेप घ्यायचे.

"हळू बोला! भिंतींना कान असतात, आणि सरकारी कानांना रजिस्टर असतं."

एकविसावा दिवस उजाडला. घड्याळजींनी घरातलं सगळ्यात खानदानी घड्याळ उतरवलं आणि आयुष्यात प्रथमच एक बरोबर घड्याळ मुद्दाम नऊ मिनिटं मागे केलं. करताना त्यांनी डोळे मिटून घेतले. नंतर दिवसभर त्या घड्याळाचे टोले जरा रुसल्यासारखे वाटत होते.

अकरा सोळा. बायको डावीकडे, थोरली उजवीकडे. मोबाईलला अजून पीठ लागलेलं.

"पाच... चार..." थोरली मोजायला लागली.

घड्याळजींनी बोट टेकवलं. काही झालं नाही. पुन्हा टेकवलं. शंभरेक दिवसांच्या धुण्याने सुरकुतलेलं ते ओलं बोट मोबाईल ओळखायलाच तयार नव्हता!

"तीन... दोन..."

"सरका!" बायको म्हणाली. घरात तिचंच बोट तेवढं कोरडं होतं. तिने ते दाबलं.

अकरा सतरा, शून्य सेकंद.

"अभिनंदन! विचारणा क्रमांक दोनशे अठरा वेळेवर प्राप्त झाली. आपला परतावा मार्गस्थ झाला असून सात दिवसांत जमा होईल. या काळात कोणीही, कोणत्याही स्वरूपात, विचारणा करू नये."

थोरली टेबलावर चढून नाचली. सतराही घड्याळं एकदम वाजली, त्यातलं एक नऊ मिनिटं उशिराने. बायकोने 'कोणीही' हा शब्द कागदावर मोठ्ठा लिहून दारावर चिकटवला. गल्ली सहा दिवस दातखीळ बसल्यासारखी गप्प राहिली. चष्मेवाल्याने तर तोंडात चष्म्याची दांडी धरली होती. सातव्या दिवशी सकाळी, मशीनच्या भरवशावर धुणं साठवून, बादली पालथी पडली होती, कोरडी ठणठणीत. घड्याळजींची बोटं पुन्हा बोटांसारखी दिसत होती. मशीनचा दुकानदार नवं मशीन टेम्पोत चढवून फक्त फोनची वाट बघत होता. मोबाईल थरथरला...

आणि नेमक्या त्याच क्षणी, ही गोष्ट वाचत इथवर आलेल्या तुम्ही, मनातल्या मनात का होईना, विचारलंत: "मग? आला का?"

"विचारणा क्रमांक दोनशे एकोणीस नोंदवली," मोबाईल म्हणाला. "फाईल तळाशी ठेवण्यात आली आहे."

बायकोने मजकूर शांतपणे वाचला. बादली सुलटी केली, नळाखाली धरली, साबणाची वडी बाजूला ठेवली.

"अगं, पुन्हा मीच?" घड्याळजींनी बोटं पाठीमागे लपवत विचारलं.

"तुम्ही कशाला? ज्याच्यामुळे मशीन यायचं थांबलंय, धुणं त्याचं." आणि ती थोरलीकडे वळली. "विचार गं त्या वाचणाऱ्यांना, किती वाजता येताय म्हणावं. चादरी भिजत घातल्यात."