आभाराचं मटण

मंगळवारी सकाळी फ्रीजरचं दार लागेना, तेव्हा दादाराव गजभिये यांना प्रथमच वाटलं, की माणसांच्या चांगुलपणालाही काही मर्यादा असावी. त्यांनी हाताने ढकललं, खांदा लावला, शेवटी पाठ टेकवून उभे राहिले. आत मटणाच्या अकरा पिशव्या होत्या आणि मुलाच्या घरचे मटार, ब्रेड, आइस्क्रीम कोपऱ्यात अंग चोरून बसले होते.

"अहो, जोर नका लावू, उसण भरेल," ओट्यापाशी उभ्या असलेल्या कलावतीबाई म्हणाल्या. "आणि नेव्हिलभाऊंचा तो चिली बिन परत द्यायचाय. त्यात काय घालू? शंकरपाळे झालेत देऊन. चिवडा घालू?"

चिली बिन म्हणजे इथले लोक सहलीला अन्न गार ठेवायला नेतात ती झाकणाची पेटी.

"काही घालू नकोस! तू भरतेस म्हणून तो भरतो!"

"रिकामं भांडं परत पाठवू? शोभतं का आपल्याला?"

सोलापूरच्या पुरवठा खात्यात तेहतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेल्या दादारावांकडे 'नियमात बसत नाही' हे एक उत्तर नेहमी तयार असे. पण कलावतीबाईंचे नियम वेगळे होते आणि ते कुठल्याही परिपत्रकात आलेले नव्हते.

प्रकरण सुरू झालं ते एका मेंढीपासून. परदेशात, हॅमिल्टन शहराच्या उत्तरेला रोटोटुनात मुलगा प्रणय, सून श्रद्धा आणि नात मैत्री राहतात. तिथे पाच महिन्यांसाठी आलेले दादाराव रोज सकाळी फिरायला जात. शेवटची घरं संपली की शेतं लागतात. एक दिवस कुंपणापलीकडे एक मेंढी चारी पाय आभाळाकडे करून उताणी पडलेली दिसली. आधी त्यांना वाटलं, ऊन खात असेल. इथली माणसंही समुद्रावर अशीच पडलेली त्यांनी पाहिली होती. पण ही पाय झटकत होती. आजूबाजूला कोणी नाही. मग दादाराव साठी उलटलेल्या गुडघ्यांनिशी फाटक चढले, मेंढीला दोन्ही हातांनी ढकललं आणि सरळ केलं. मेंढी झोकांड्या खात उठली आणि साधं वळूनही न पाहता निघून गेली.

आभार मानायला आला तो मालक नेव्हिल. चार चाकांच्या मोटारसायकलवरून उतरून त्याने दादारावांचा हात खांद्यापासून निखळेल इतका हलवला. लोकरीने जड झालेली मेंढी उताणी पडली की तिला आपलं आपण उठता येत नाही, काही तासांत मरते, हे त्याच्याकडून कळलं. दुसऱ्या दिवशी चिली बिन दारात. आत मटणाची अख्खी मांडी. एक मेंढी वाचवली म्हणून दुसरी मेंढी बक्षीस!

कलावतीबाईंनी बिनमध्ये शंकरपाळ्यांचा डबा भरून तो परत पाठवला. एकट्या राहणाऱ्या नेव्हिलला ते इतके आवडले, की शंकरपाळ्यांच्या डब्यातून चॉप्स आले. डबा आला, बिन गेला. बिन आला, डबा गेला. तीन आठवड्यांत फ्रीजर भरला.

कलावतीबाईंना मात्र या मटणाचं ओझं नव्हतं, कारण त्यांच्या मनात एक बेत होता.

दोन वर्षांपूर्वी प्रणयच्या कंपनीने त्याचा अख्खा विभाग बंद केला आणि तो आठ महिने घरी बसला. त्या आठ महिन्यांत दर गुरुवारी हे तिघं जवळच्या कम्युनिटी किचनमध्ये, म्हणजे गरजूंच्या मोफत पंगतीत, जेवत होते आणि येताना किराण्याची पिशवी आणत होते. व्हिडिओ कॉलवर मात्र "कसं चाललंय रे?" म्हटलं की "स्वीट ॲज, बाबा!" म्हणजे एकदम मस्त, एवढंच. मागच्या महिन्यात वाचनालयात एका उंच बाईने कलावतीबाईंना एकदम मिठी मारली. "किया ओरा! नमस्कार! तुम्ही प्रणयची आई ना? फोटोत पाहिलंय!" ती नायरी, किचनची प्रमुख. तेव्हा सगळं बाहेर आलं.

"सांगून काय करणार होता तुम्ही?" प्रणय म्हणाला होता. "तिकडे बसून काळजीच केली असतीत." आणि मग खोलीत निघून गेला होता. त्या विषयावर तो परत बोलला नाही. दादारावांच्या घशाखाली दोन दिवस घास उतरला नाही. आपलं पोर परक्या देशात दुसऱ्याच्या पंगतीत जेवत होतं आणि आपण तिकडे सोलापुरात शेजाऱ्यांना त्याचे फोटो दाखवत होतो!

"ज्यांनी माझ्या लेकराला जेवू घातलं, त्यांना माझ्या हातचं एक जेवण घातल्याशिवाय मी विमानात बसायची नाही," कलावतीबाईंनी जाहीर केलं. विमान महिनाअखेरच्या शनिवारी होतं. म्हणजे हातात तीन गुरुवार.

त्याच मंगळवारी दुपारी दोघं चार पिशव्या घेऊन किचनमध्ये हजर झाले. बोलणं इंग्रजीत चाललं होतं. कलावतीबाईंचं अर्धं हातवाऱ्यांत. नायरीने पिशव्या पाहून आनंदाने हात जोडले, मग विचारलं, "यावर लेबल नाही. आलं कुठून?"

"शेतावरून. एकदम ताजं."

"कापलं कोणी?"

"नेव्हिलनेच."

नायरीने जोडलेले हात सोडले आणि कपाटातून एक जाडजूड निळी फाइल काढली. "याला होमकिल म्हणतात. शेतकऱ्याने घरी खाण्यासाठी कापलेलं. विकता येत नाही, कशाच्या बदल्यात देता येत नाही, आणि आमच्यासारख्या ठिकाणी तर वाढता येतच नाही. दान केलेलं मांस आम्हाला नोंदणी असलेल्या कत्तलखान्यातूनच आलेलं लागतं. तपासणी, शिक्का, लेबल, तापमानाची नोंद. माफ करा, आजी."

"मग घरचं मटण खायचं तरी कोणी?" दादारावांनी विचारलं.

"मालकाने, त्याच्या घरच्यांनी, त्याच्या शेतावर काम करणाऱ्यांनी."

"आणि आम्ही रविवारी खाल्लं, ते?"

नायरी छताकडे पाहू लागली. "ते मी ऐकलं नाही."

दादारावांना घाम फुटला. 'कशाच्या बदल्यात' हे शब्द कानात घुमत होते. शंकरपाळे देऊन चॉप्स! तीन आठवडे आपल्या घरात सरळसरळ बेकायदा देवघेव चालली होती आणि मुख्य आरोपी शेजारी पदराने घाम पुसत उभी होती. अशा वेळी तोंडून काय निघावं? "बघा ना, काही मार्ग निघतो का?"

बोलून गेले आणि जीभ चावली. हे वाक्य त्यांनी तेहतीस वर्षं टेबलाच्या पलीकडून ऐकलं होतं. रास्त भाव दुकानदारांनी म्हटलं, शाळेच्या पोषण आहाराच्या ठेकेदारांनी म्हटलं, एका आमदाराच्या मेहुण्यानेही म्हटलं होतं. त्यांनी कोणासाठीच मार्ग काढला नव्हता. टेबलाच्या या बाजूला उभं राहिल्यावर माणूस किती लहान दिसतो, हे त्यांना आज कळलं.

नायरीने चहा पाजला, दोघांना दारापर्यंत सोडलं आणि पिशव्या जशाच्या तशा परत दिल्या.

दुसऱ्या दिवशी दादाराव नेव्हिलकडे गेले. नेव्हिलला यात अडचणच दिसेना.

"सोपं आहे! तू रोज माझ्या मेंढ्यांवर नजर ठेवतोस. म्हणजे तू माझा कामगार. खा बिनधास्त."

दादाराव पांढरेफटक पडले. "मी व्हिजिटर व्हिसावर आलोय! मला काम करायची परवानगी नाही!"

"अरे, पण परवा दोन मेंढ्या उचलून उभ्या केल्यास की."

"ती भूतदया होती! काम नव्हतं!"

मोठाच पेच. काम केलं तर मटण कायदेशीर आणि माणूस बेकायदा. काम न करावं तर माणूस कायदेशीर, मटण बेकायदा. तेव्हापासून दादाराव रस्त्याच्या पलीकडच्या कडेने, मान वळवून फिरू लागले. दुसऱ्याच दिवशी डोळ्याच्या कोपऱ्यातून चार पाय वर दिसले. पाच मिनिटं ते तसेच उभे राहिले. मग नेव्हिलला फोन केला. आपण कोण ते न सांगता म्हणाले, "तुमची एक मेंढी उलटी आहे. ही केवळ माहिती आहे."

"थँक्स, दादा!" नेव्हिल म्हणाला.

अखेर शुक्रवारी उरलेल्या पिशव्या चिली बिनमध्ये भरून ते त्याच्या दारात उभे राहिले. "सगळं परत. तू मालक, तूच खा."

नेव्हिलचा चेहरा उतरला. "मला नको रे. डॉक्टरांनी लाल मांस बंद केलंय. दोन वर्षं झाली."

"मग कापतोस कशाला?"

"सवय. मार्गरेट होती तेव्हा संपायचं." तो बिनच्या झाकणाकडे पाहत राहिला. "ती गेल्यावर या बिनला हात लावला नव्हता. तुझ्या बायकोने तो भरून पाठवला ना, तर वाटलं, घरात कोणीतरी आहे."

दादारावांनी बिन खाली ठेवला. या माणसाला आपण बेकायदा देवघेवीतला साथीदार समजत होतो. ते पायरीवर बसले आणि पहिल्यांदाच कोणाला तरी सगळं सांगून टाकलं. मुलाची गेलेली नोकरी, आठ महिन्यांचे गुरुवार, कलावतीबाईंचा हट्ट, निळी फाइल.

"मग हे आधी नाही सांगायचं?" नेव्हिल उठलाच. "कापलेल्याला कायदा आडवा येतो ना? मी जिवंत देतो! दोन मेंढ्या ट्रकने कत्तलखान्यात जातील आणि शिक्के मारून किचनच्या नावाने बाहेर येतील. हे मटण खातील माझे कुत्रे. त्यांना व्हिसा लागत नाही."

घरी हे ऐकून कलावतीबाईंनी कपाळाला हात लावला. "माझ्या माणसांना चालत नाही आणि कुत्र्यांना चालतं. बाई बाई बाई!"

कत्तलखान्याची तारीख मिळता मिळता दोन गुरुवार हातचे गेले. शेवटच्या गुरुवारी सकाळी ट्रक आला, तेव्हा दादाराव अर्धा तास आधीपासून फाटकात होते. खोक्यांवर शिक्का होता, लेबल होतं, तारीख होती. नायरीने थर्मामीटर खुपसला. पाच अंशांच्या वर गेलं तर सगळं परत. दादारावांनी श्वास रोखला.

"तीन पूर्णांक आठ," नायरी म्हणाली, आणि दोघांनी एकमेकांना टाळी दिली.

मग कलावतीबाईंची परीक्षा सुरू झाली. मसाल्यात काय काय आहे ते फळ्यावर लिहायचं, कोणाला काही बाधायला नको. सोलापुरी काळ्या तिखटाचं गुपित त्यांनी सख्ख्या जावेला सांगितलं नव्हतं.

"तीळ," त्या नाइलाजाने म्हणाल्या. "खोबरं. शेंगदाणे." मग दादारावांच्या कानाशी लागल्या. "दगडफूल नाही सांगणार मी. काय करायचंय ते करा."

दादारावांनी दगडफूलही लिहिलं.

पाच वाजता हॉल भरला. एका वृद्ध माओरी आजींनी प्रार्थना म्हटली आणि रश्श्याचा वास असा सुटला, की दुसऱ्या रांगेतले लोक पहिल्या रांगेत येऊन बसले. नेव्हिल डाळ-भात आणि शंकरपाळे खात कोपऱ्यात खूष होता. कलावतीबाई एकेकाच्या ताटात वाढताना "घ्या हो, अजून घ्या" असं मराठीतच म्हणत होत्या आणि ते सगळ्यांना कळत होतं.

"आता तुमची सही," नायरीने निळी फाइल पुढे केली. "शेवटच्या पानावर."

दादारावांनी चष्मा लावला. फाइल त्यांना मनापासून आवडली होती. कलम, पोटकलम, समास, सगळं जागच्या जागी. स्वतः केली असती तर अशीच केली असती, असं त्यांना पहिल्या दिवशीच वाटलं होतं. त्यांनी सहीची जागा शोधली आणि तिच्या खाली बारीक अक्षरांत छापलेली ओळ वाचली. तयार करणार : प्रणय गजभिये.

"हे... हे कोण?"

"अरे, तुम्हाला माहीत नाही?" नायरी थक्क झाली. "तपासणीवाले आम्हाला बंद करायला निघाले होते. आमचे सगळे कागद एका बुटाच्या खोक्यात. प्रणय गुरुवारी जेवायला यायचा आणि शुक्रवारी हे लिहायला. आठ महिने. मी म्हटलं, बाबा रे, इतकं कडक कशाला? तर म्हणाला, माझे वडील इथे असते तर तुम्हाला याहून जड गेलं असतं."

दादारावांनी चष्मा काढून पुसला, तरी समोरचं धूसरच दिसत होतं. दोन आठवडे आपण ज्या भिंतीवर डोकं आपटत होतो, ती भिंत आपल्याच पोराने बांधलेली! पोर नुसतं जेवून गेलं नव्हतं. बापाकडून जे एवढं एक शिकलं होतं, तेच त्याने इथे देऊन टाकलं होतं.

तेवढ्यात प्रणय ऑफिसातून थेट आला, गळ्यात ओळखपत्र तसंच, आणि हॉलकडे न बघता रांगेच्या शेवटी उभा राहिला. कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली, मग दुसऱ्याने मारली. जेवून झाल्यावर कलावतीबाईंनी एक डबा काढला आणि त्यात रस्सा ओतायला लागल्या. श्रद्धा हॉस्पिटलमधल्या ड्यूटीवरून सात वाजता सुटायची होती.

"आई, नाही," प्रणय म्हणाला. "उरलेलं बाहेर न्यायचं नाही. पान सात."

"अरे, तुझ्या बायकोसाठी नेतेय!"

"तिच्यासाठी पण नाही. ती इथे येऊन खाऊ शकते. तोपर्यंत पातेलं साठ अंशांच्या वर ठेवायचं आणि दर पंधरा मिनिटांनी लिहायचं."

"अगदी बापावर गेलंय मेलं!" कलावतीबाईंनी पळी आदळली.

"आण इकडे तो कागद," दादाराव म्हणाले. "मी लिहितो."

त्यांनी खुर्ची ओढली आणि पातेल्यापाशी बसले. प्रणयने थर्मामीटर त्यांच्या हातात दिला. क्षणभर दोघांनीही तो धरून ठेवला. मग पहिली नोंद झाली. वेळ, तापमान, सही. शेवटी शेऱ्याचा रकाना होता. तो भरलाच पाहिजे असं नियमात नव्हतं. तरी दादारावांनी त्यात देवनागरीत 'समाधानकारक' असं लिहिलं, प्रणय पलीकडे ताटं उचलत होता तिकडे एकदा पाहिलं, आणि त्याच्या आधी बारीक अक्षरात 'अत्यंत' घातलं.