कूस बदललेली होडी

‘‘लिही,’’ हे म्हणाले. ‘‘बुद्धी वस्तऱ्याची, नजर घारीची आणि चाल वाघाची.’’

‘‘वाघाच्या एका चपलेचा अंगठा तुटलाय,’’ मी म्हटलं. ‘‘तो लिहू का?’’

‘‘नको. उंची लिही.’’

‘‘किती?’’

‘‘भारदस्त.’’

‘‘आणि पोट?’’

‘‘पोटाचा तपासाशी काही संबंध नसतो.’’

हे म्हणजे आमचे हे. दिवसभर दुकानात घड्याळं दुरुस्त करतात आणि घड्याळांनी उसंत दिली की गुन्हे शोधतात. ते डोळ्यात बसवायचं भिंग एकदा बसलं, की समोरचा माणूस यांना आधी मोठा दिसतो आणि मग संशयास्पद. यांचं आजवरचं सर्वांत गाजलेलं प्रकरण म्हणजे शेजारणीची हरवलेली बादली. अख्ख्या गल्लीची उलटतपासणी झाल्यावर ती दुसऱ्या बादलीत सापडली. मी यांची सहायक. प्रकरण लिहून काढणं, पिशवी धरणं, पत्ता विचारणं आणि शेवटी सगळ्यांची माफी मागणं, ही माझ्याकडची खाती.

यावेळचं प्रकरण मात्र माझ्या माहेरचं होतं. तिथे माफी मागून भागत नाही, वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागतं.

माझा दादा मासेमारी करतो. त्याची फायबरची लहानशी होडी आहे. तिचा डेक ओला झाला की साबणाच्या वडीसारखा होतो. मागे जाळं ओढता ओढता दादा त्यावर असा आपटला, की कमरेला पट्टा बांधून पडून राहावं लागलं. वहिनी तेव्हा एक शब्द बोलली नाही. वहिनी गप्प बसली म्हणजे आता कोणाचं तरी काही खरं नाही, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. दादा हिंडूफिरू लागल्यावर तिने शांतपणे सांगितलं, ‘‘होडीसाठी गिऱ्हाईक बघून ठेवलंय.’’

दादाचा चेहरा असा उतरला, की मला तो लहानपणी पतंग कापला गेल्यावर दिसायचा तसाच दिसला. त्याने विनवण्या केल्या, रुसून पाहिलं, एकदा जेवण सोडलं आणि भूक लागल्यावर धरलं. शेवटी तह झाला. डेकवर फोमचं फ्लोअरिंग बसवायचं. रविवारी सकाळी वहिनी होडीत चढणार, साबणाचं पाणी ओतणार आणि त्यावरून चालणार. पाय घसरला, तर होडी गिऱ्हाइकाची.

फोम आला. करडा, जाड, वरून खरखरीत. खालच्या बाजूला गोंद आणि गोंदावर पांढरा कागद. कागद सोलायचा आणि चिकटवायचं. एकदा चिकटलं की कायमचं. आधी डेकवर खाकी कागद पसरून त्याचे साचे कापायचे, ते फोमवर ठेवून रेघ मारायची आणि त्या रेघेवरून फोम कापायचा. सोपं काम. म्हणजे हे मध्ये पडेपर्यंत सोपं होतं.

‘‘रेघा मी मारणार,’’ यांनी जाहीर केलं. ‘‘आणि चेहऱ्यावर नाही मारणार. दर्शनी बाजूला खूण ठेवणं ही गुन्हेगारांची सवय.’’

म्हणून यांनी सगळा फोम पालथा घातला, साचे त्याच्या पाठीवरच्या पांढऱ्या कागदावर ठेवले आणि तिथे रेघा मारल्या. प्रत्येक तुकड्यावर ठसठशीत अक्षरांत ‘डावा’ नाहीतर ‘उजवा’ असं लिहिलं. दादाने करकर कापलं. मी चहा केला. सगळे खूश होते.

शनिवारी दादाचा आवाज धक्क्यावरून थेट आमच्या दुकानापर्यंत पोचला.

‘‘दाजी! एक तुकडा बसेल तर शपथ!’’

आम्ही धावलो. खरंच. डावीकडचा तुकडा डावीकडे ठेवला, की त्याचा बाक होडीच्या आत वळायचा आणि कडेला डेक उघडा पडायचा. उजवीकडेही तेच. सुकाणूच्या चाकाजवळच्या तुकड्याला चाकाच्या खांबासाठी खाच होती, ती खांब सोडून भलतीकडेच. दादा मधोमध फतकल मारून बसला, बरोबर जिथे आपटला होता तिथे.

‘‘उद्या ती येणार,’’ तो म्हणाला. ‘‘गिऱ्हाइकालाही बोलावलंय तिने. नवीन फोम आता कुठून आणू?’’

यांनी भिंग चढवलं. ‘‘कोणी कशाला हात लावू नका. सहायक, पिशवी.’’

पहिल्यांदा पावलांचे ठसे. हे फोमवरून चालले, मागे वळून पाहिलं, ठसा नाही. मला चालायला लावलं. ठसा नाही. ‘‘गुन्हेगार,’’ हे हळूच म्हणाले, ‘‘तरंगत आलेला आहे.’’

मग खुद्द फोमची चौकशी झाली. यांनी त्यात अंगठा रुतवला, दात आवळून दाबला आणि सोडला. फोम होता तसा झाला. पुन्हा दाबला. पुन्हा तसाच.

‘‘दबावाला बधत नाही,’’ हे म्हणाले. ‘‘सराईत आहे.’’

‘‘दाजी, तो फोम आहे,’’ दादा म्हणाला.

‘‘सुरुवातीला सगळे तसंच म्हणतात.’’

पहिला सिद्धांत असा, की शेजारच्या होडीवाल्याने रातोरात तुकडे बदलले. त्याला सगळे टायर म्हणतात, कारण त्याच्या होडीला चहूबाजूंनी जुने टायर लटकलेले असतात. टायरभाऊ दोरी वळत बसले होते. यांनी एकदम समोर जाऊन विचारलं, ‘‘डावा कुठे लपवलात?’’

‘‘डावा काय?’’

‘‘बघा, उजव्याबद्दल विचारत नाहीयेत!’’ हे माझ्याकडे वळून म्हणाले.

‘‘वहिनी,’’ टायरभाऊ मला म्हणाले, ‘‘यांना उन्हाचं काही झालंय का? माझ्या होडीत मलाच पाय ठेवायला जागा नाही. फोम कुठे लावू, डोक्यावर?’’

मी माफी मागितली. खातं माझंच.

दुसरा सिद्धांत, फोम उन्हाने आकसला. त्यासाठी एक तुकडा सावलीत ठेवून हे त्याच्याकडे बघत बसले. तुकडा काही वाढला नाही. हे मात्र अधूनमधून पेंगले.

तिसरा सिद्धांत मांडण्यापूर्वी यांनी आम्हांला धक्क्यावर बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

‘‘साचे मी केले, म्हणजे ते बरोबर. तुकडे साच्यावरून, म्हणजे तेही बरोबर. मग चुकलंय काय? उरलं काय?’’

यांनी खालच्या होडीकडे बोट रोखलं.

‘‘होडी! होडीने कूस बदलली आहे. सोप्या भाषेत सांगायचं, तर ही तुमची होडीच नव्हे. हिची जुळी बहीण आहे. आरशातल्यासारखी. डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं. कोणीतरी तुमची नेली आणि ही आणून बांधली.’’

दादा कळवळला. ‘‘अहो, माझ्या होडीला मी ओळखणार नाही? हा टवका माझ्या हातून उडालाय. हा डाग रंगाचा, मीच सांडलेला. आणि चाक उजवीकडेच आहे की! नेहमी होतं तिथेच!’’

हे भिंगासकट चाकावर वाकले. ‘‘चाक त्यांनी मागाहून हलवलं असणार,’’ म्हणाले. ‘‘फार मोठी टोळी आहे.’’

मी दादाकडे पाहिलं. तो होडीच्या कडेवरून हात फिरवत होता, निरोप देताना फिरवतात तसा. मला यांच्या भिंगाचा पहिल्यांदाच खरोखर राग आला.

रविवारी वहिनी सांगितल्यापेक्षा लवकरच आली. एका हातात बादली, दुसऱ्या हातात झाडू. गिऱ्हाईक अजून पोचायचं होतं. डेकवर तुकड्यांचा पसारा बघून तिने कपाळाला हात लावला.

‘‘हे असं ठेवतात? पाणी कुठे ओतू मी?’’

‘‘वहिनीसाहेब, पुराव्यांना हात लावू नका!’’ हे ओरडले.

‘‘जावईबापू, पाय वर घ्या. झाडतेय.’’

यांनी पाय वर घेतले. वहिनीने डावीकडचे तुकडे गोळा केले. ठेवायला जागा उजवीकडेच होती, म्हणून तिथे टाकले आणि अडगळ वाटू नये म्हणून पायानेच कडेला सरकवले. सरकवलेला तुकडा होडीच्या कडेला असा जाऊन बसला, जसं भांड्यावर झाकण.

वहिनी झाडतच होती. दादा उठला. त्याने दुसरा तुकडा सरकवला. तोही बसला. मग उजवीकडचा उचलून डावीकडे. बसला!

‘‘अगं,’’ दादा म्हणाला, ‘‘उलट लावायचे होते!’’

‘‘मग लावा ना,’’ वहिनी म्हणाली. ‘‘त्यात ओरडायचं काय?’’

माझ्या डोळ्यांसमोर तो पालथा घातलेला फोम आला. मी यांच्याकडे पाहिलं. हे आभाळाकडे पाहत होते.

‘‘पाठीवर साचा ठेवून कापलं, तर सुलटं केल्यावर डाव्याचं उजवंच होणार ना हो?’’ मी हळू आवाजात विचारलं.

‘‘मी त्याच दिशेने येत होतो,’’ हे म्हणाले. ‘‘लिहून ठेव, गुन्हेगार घरातलाच निघाला.’’

चाकाजवळचा तेवढा एक तुकडा कुठेच बसेना. उरलेल्या फोममधून दादाने तो नव्याने कापला, यावेळी दर्शनी बाजूने, आणि यांना तोवर टायरभाऊंशी गप्पा मारायला पाठवून. मग आम्ही पांढरे कागद सोलले, चिकटवलं, दाबलं. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. वहिनीने बादलीत साबणाचा फेस केला आणि सगळा डेकवर ओतला.

दादाने डोळे मिटले.

वहिनी चालली. पुढे गेली, मागे आली. टाचेवर भार दिला. मुद्दाम पाय घासला. मग दादा आपटला होता तिथे जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. पाठमोरी होती. पदराने चेहरा पुसला, तो घाम होता की काय कोण जाणे.

‘‘तुम्ही या आता,’’ ती गिऱ्हाइकाला म्हणाली. ‘‘होडी द्यायची नाहीये.’’

दादाने डोळे उघडले. वहिनी कोरडी जागा बघून खाली बसली. बसली ती आडवी झाली. होडी हलके हलके डुलत होती.

‘‘वन्सं, तुम्ही पण या,’’ ती मला म्हणाली. ‘‘काय मऊ आहे हो! हा माणूस रोज इथे येतो आणि घरी येऊन म्हणतो, दमलो.’’

‘‘अगं, उतर आता,’’ दादा म्हणाला. ‘‘मला निघायचंय. जाळं टाकायचंय.’’

‘‘निघा की. मी कुठे अडवलंय?’’ तिने हात उशाला घेतला.

दादाने यांना बाजूला घेतलं. ‘‘दाजी, काहीतरी करा. हिला उतरवा. रोज यायला लागली तर?’’

यांनी भिंग चढवून वहिनीकडे नीट पाहिलं. वहिनीने एक डोळा उघडून यांच्याकडे पाहिलं. यांनी भिंग काढून खिशात ठेवलं.

‘‘दबावाला बधणार नाही,’’ हे म्हणाले. ‘‘सराईत आहे.’’

दादाने इंजिन सुरू केलं. धक्क्यावर आम्ही दोघं उरलो. यांच्या काखेत तो कुठेच न बसणारा तुकडा होता, खाचेसकट. तो आता दुकानात यांच्या खुर्चीवर असतो. खाच कशासाठी, असं कोणी विचारलं, की हे सांगतात, ‘‘गुप्त आहे.’’