शालूकाकूंचं खातं

जुन्या कॉम्प्युटरवरही चालणाऱ्या हलक्या लिनक्स प्रणालीची नवी आवृत्ती निघाली की आमचे शेजारी मेश्रामकाका तिच्यातल्या सुधारणांची यादी मोठ्याने वाचून दाखवतात. घरात ते एकटेच असतात. तरी वाचतात, मध्येच थांबतात, ‘हो, तेही सांगतो,’ म्हणतात आणि पुढे जातात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दारातूनच मागे फिरलो होतो.

काका नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात स्टोअरकीपर होते. जुने कॉम्प्युटर भंगारात देणाऱ्यांचा त्यांना भारी राग. ‘मशीन म्हातारी झाली म्हणून काय घाटावर नेता का गा? हलकं खायले द्या तिले, चालते!’ याच उत्साहात माझा धडधाकट लॅपटॉप त्यांनी दोनदा उघडून ठेवलाय.

परवा भर दुपारी त्यांनी मला बोलावलं. नवी आवृत्ती टाकायची होती आणि हल्ली त्यांचा हात थरथरतो. ‘एक बटण चुकलं त सारं पुसून जाईन. यातलं शालूचं खातं गेलं नाही पाहिजे.’

शालूकाकूंना जाऊन दोन वर्षं झाली.

बॅकअपसाठी मी काकूंचं खातं उघडलं. आत चिठ्ठ्यांची एक फाइल होती. ‘जेवले का?’ ‘बीपीची गोळी घेतली का?’ ‘कुलरमध्ये पाणी टाका.’ रोज एक, तारखेसकट. शेवटची आजची.

‘काका, हे कोण लिहितं?’

‘शालू,’ काका म्हणाले.

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मांजर असणार असं मी ठरवून टाकलं आणि मागे वळून पाहिलं नाही.

काका हळूच म्हणाले, ‘सकाळी तिच्या खात्यात मीच लिहितो गा. दुपारी माझ्या खात्यातून वाचतो. तोवर काय लिहिलं ते मले याद राहत नाही.’

नवी आवृत्ती नीट बसली. लॉगिनच्या पडद्यावर काका-काकू दोघांची नावं आली, चिठ्ठ्याही शाबूत. मला काकांसाठी काहीतरी करावंसं वाटत होतं. म्हटलं, ‘काका, यात ठरल्या वेळी आपोआप चिठ्ठी दाखवायची सोय आलीय. लावून देऊ? रोज लिहायला नको.’

काका एकदम बिथरले. ‘नको! मंग ते मशीननं विचारलं होईन. मशीन काहून विचारन मले, जेवले का म्हणून?’

मला बाजूला सारून ते स्वतःच्या खात्यात शिरले. आजची चिठ्ठी सावकाश वाचली.

‘नाही जेवलो वं अजून,’ ते मोठ्याने म्हणाले. ‘हा बसून राहिला होता न. जेवतो आता.’

आणि ताट वाढून घ्यायला उठले.