तू तूच आहेस ना?

जॉर्जटाउनच्या बंदरावरच्या ऑफिसात शिरताना चुआनला रोज ओळखपत्र दाखवावं लागायचं. पाच वर्षं तोच दरवाजा, तोच चेहरा, तेच पहारेकरी रमली पाकचिक, म्हणजे रमलीकाका.

"पाकचिक, मीच आहे."

"दिसतंय ना बाळा. कार्ड?"

असल्या निरर्थक तपासण्या जगातून नाहीशा करायच्या, हा चुआनचा बाणा. आज तीन वाजता बंदराचे कप्तान झुलहेल्मी नवं रडार बघायला येणार होते आणि चुआनने बॉस रोहायु मॅडमना सांगून टाकलं होतं, "प्रोग्राम दुप्पट पळवतो, तोही बिनचूक. नाही जमलं तर माझी टीमलीडची खुर्ची लोगनला द्या."

रडारचा सगळा मामला संमिश्र संख्यांचा. एक भाग वास्तव, एक काल्पनिक. एका गुणाकाराच्या पोटात चार गुणाकार. प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरने काढलेला यंत्रकोड चुआनने उघडला आणि त्याच्या भुवया केसांत शिरल्या. प्रत्येक गुणाकारानंतर आलेलं उत्तर स्वतःशीच ताडून पाहिलं जात होतं. तू तूच आहेस ना? नसशील, तर भलत्याच एका फंक्शनला बोलावणं. हे चुआनने लिहिलंच नव्हतं. मग कोणी लिहिलं?

शेजारी सहकारी लोगन फेसाळ चहा, तेह तारिक, पीत होता. शांतपणे. निर्दोष माणूस इतक्या शांतपणे चहा पितो?

"लोगन, माझ्या कोडात हात घातलास?"

"हातमोजे नाहीत रे माझ्याकडे."

"मग ही तपासणी?"

"कंपायलर घालतो ती. अनंताला गुणताना कधीकधी उत्तर येतं 'संख्याच नाही'. ते स्वतःशीही जुळत नाही. मग तो त्याला पुन्हा अनंत करून आणतो. राहू दे."

'राहू दे' म्हणाला, म्हणजे काढायलाच हवी. चुआनने कंपायलरला बजावलं, शंका घ्यायची नाही. तपासण्या गेल्या, चार गुणाकार दोन आज्ञांत मावले, वेग दुपटीच्याही वर गेला. लोगन अजून चहाच पीत होता. चुआनने फायलीला पासवर्ड घातला.

तीन वाजता पडद्यावर मासेमारीच्या होड्या मुंग्यांसारख्या शिस्तीत आल्या. कप्तान खूश. रोहायु मॅडमनी चुआनला स्वतःच्या डब्यातला करंजीसारखा तिखट करीपाप दिला.

तेवढ्यात फेरीबोट आली, अगदी खिडकीखाली. इतक्या जवळून तिचा प्रतिध्वनी एवढा जोरात आला की आकडा थेट अनंतावर गेला, आणि पुढच्याच गुणाकारात 'संख्याच नाही' झाला. 'तू तूच आहेस ना?' असं विचारणारं कोणी उरलं नव्हतं. फेरीने भोंगा दिला, काचा थरथरल्या. पडद्यावर निवांत समुद्र.

"ती फेरी कुठे गेली?" कप्तानांनी विचारलं.

"कुठली फेरी?" चुआन म्हणाला.

"जिच्यावरून माझी बायको हात हलवतेय, ती."

साडेतीनला खुर्ची लोगनकडे गेली. बसल्याबसल्या त्याने पहिलं काम केलं: पासवर्ड विचारला. मग तपासणी परत घातली.

चुआन खाली जाऊन समुद्राकडे बघून आला. परतताना पाकचिकांच्या तोंडात भाताचा घास होता. त्यांनी हातानेच खूण केली, जा बाळा, तूच आहेस.

चुआन जागचा हलला नाही. त्याने कार्ड पुढे धरलं.

"नीट बघा, पाकचिक. मला दुपारपासून खात्री वाटत नाहीये."