धर्मादादांचा रशिया

लिफ्टचं दार बंद झालं की धर्मादादा रशियाचे शेजारी सांगायला लागतात. तळमजल्याला नॉर्वे सुरू केला तर चौथ्यापर्यंत पोलंड येतो. चौदाच्या चौदा ऐकायचे तर थेट गच्ची गाठावी लागते.

दादांचं शिक्षण चौथी. मानपाड्याला आमची बिल्डिंग जिथे उभी आहे, ती त्यांचीच भातशेती होती. एकदा नातीचा ॲटलास हातात आला आणि हे वेड लागलं.

आणि मी शाळेत भूगोल शिकवतो. माझ्या तासाला पोरं खिडकीबाहेर बघतात. ह्यांच्याभोवती मात्र रोज संध्याकाळी गेटपाशी निम्मी सोसायटी!

"कझाकस्तानचा बांध सगल्यात लांब. उत्तर कोरियाचा इवलासा. जपान नि अमेरिका पान्यापल्याड. अमेरिकेचं बेट तर चार किलोमीटरवर. खाडीच झाली ती!"

माझीच मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही असं का नाही शिकवत?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग मी डाव टाकला. सगळ्यांदेखत विचारलं, "दादा, पोलंड रशियाला लागून कुठाय? मध्ये दुसरे देश आहेत."

दादा हसले. "मास्तर, रशियाचा एक तुकडा सुटा हाय, समुद्राकडं. त्याला लागतं पोलंड. माजा नव्हता काय एक तुकडा काटईला?"

सगळे हसले. त्या सुट्या तुकड्याचं मलाही माहीत होतं. दादांना नसेल असं वाटलेलं.

रविवारी ते पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरपाशी एकटेच उभे दिसले. मी जरा चिडूनच म्हटलं, "दादा, एवढे देश सोडून रशियाच का?"

"शेजारी लय हायेत त्याला." मग चपलेनं फरशीवर रेघ ओढत म्हणाले, "हितं बांध व्हता. पल्याड माजा भाव, काशिनाथ. वीतभर जागेवरनं आठ वर्सं भांडलो. बिल्डरनं एका सकाली सगला सपाट केला. काशिनाथ गेला आंबिवलीला. तवापासून बोलनं नाय."

मी स्कूटरची किल्ली परत खिशात टाकली.

"मास्तर, तुमी शिकलेले. त्या चौदांतलं कोनतरी भांडून परत बोलायला लागलं असंल ना? मंग पयला कोन बोलला?"

वर्गात असा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता.

"फोन लावायचा?" मी विचारलं.

दादांनी खिशातला मोबाइल काढून माझ्या हातात दिला.

"तुमी लावा," ते म्हणाले. "बोलतो मी."